हातचा एक

१२ सप्टेंबर, शनिवार

आजपासून लिहायचे ठरवले आहे. बाईंनी आज अर्धा तास कामाच्या सूचना दिल्या आणि जिना उतरेपर्यंत त्यातल्या निम्म्या माझ्या डोक्यातून गेल्या. वहीत असल्या म्हणजे राहतील.

क्रमाने लिहितो. मी संशोधन केंद्रात दोन वर्षे आहे. काम झेरॉक्स काढण्याचे, बाइंडिंगचे आणि फायलींवर क्रमांक घालण्याचे. शिक्षण नववी. (गणित, दोनदा.) केंद्रात सध्या तिसरी-चौथीच्या मुलांचा अभ्यास चालू आहे. मुलांची कार्यस्मृती आणि त्यांचे गणित यांचा एकमेकांशी काय संबंध असतो, हा विषय. चाचण्या घेणाऱ्या दोघांपैकी एक जण बाळंतपणाच्या रजेवर गेल्या. उरला तो पदवीधर. त्याला नाव आहे, पण "आम्ही पदवीधर लोक" असे तो इतक्यांदा म्हणतो की सगळे त्याला तेच म्हणतात.

बाई म्हणजे या अभ्यासाच्या प्रमुख. रिकामी जागा भरायला वेळ नव्हता, म्हणून त्यांनी मला बोलावून आकड्यांचे एक पान मोठ्याने वाचायला लावले.

"तुमचा आवाज अगदी सपाट आहे," त्या म्हणाल्या.

मी माफी मागितली.

"अहो, तेच हवंय मला."

काम असे : मुलाला एकेकटे समोर बसवायचे. आकडे वाचायचे, सेकंदाला एक. मुलाने ते उलट्या क्रमाने सांगायचे. आधी दोन आकडे, मग तीन, असे सहापर्यंत. एकाच लांबीवर दोनदा चुकले की थांबायचे. मग कागदावरची वीस गणिते. चेहरा कोरा ठेवायचा. मूल बरोबर असो की चूक, तोंडातून एकच वाक्य काढायचे : "ठीक आहे. पुढचं बघू." नात्यातल्या मुलाची चाचणी घ्यायची नाही. याद्यांचे कागद कपाटातून बाहेर न्यायचे नाहीत.

डिसेंबरअखेरपर्यंत काम बिनचूक झाले तर मला या विभागात कायम करतील. म्हणजे बाइंडिंगची खोली सुटेल. तिला खिडकी नाही.

१३ सप्टेंबर, रविवार

बुधवारी आणि रविवारी मी ताईकडे जेवतो. जेवण झाल्यावर भाचीला समोर बसवून आकडे वाचायचा सराव केला. सेकंदाला एक हे ऐकायला सोपे आहे, पण माझा तिसरा आकडा नेहमी घाईत येतो. बुटात पायाचा अंगठा दाबून ठेका धरला तर जमते. भिंगरीच्या ते लगेच लक्षात आले. (भाचीला घरात सगळे भिंगरी म्हणतात. वय साडेआठ.)

"मामा, तुझा बूट हलतोय."

यादी कपाटातच आहे. कागद बाहेर न्यायचा नाही हा नियम मी मोडलेला नाही. काल दुपारी कपाटापाशी उभे राहून तिच्यावरचे आकडे या वहीच्या शेवटच्या पानावर उतरवून घेतले, कारण सराव करायचा तर आकडे हवेत आणि माझ्या ते लक्षात राहत नाहीत. दोनदा ताडून पाहिले. एकही चूक नाही.

भिंगरीला दोन आकडे उलटे येतात, तीन येत नाहीत. मी प्रत्येक ओळीनंतर बरोबर उत्तर वाचून दाखवले आणि मग 'ठीक आहे. पुढचं बघू.' घरी तेवढे चालते.

भावोजी ड्यूटीवरून आले. ते बस चालवतात. म्हणाले, "काय परीक्षक, आम्हाला पण एखादा प्रश्न टाका. आयुष्यात कोणी परीक्षा घ्यायची राहिली नाही, तुम्हीच तेवढे उरलात."

१६ सप्टेंबर, बुधवार

पुन्हा सराव. तिसरा आकडा सुधारला. भिंगरीने स्वतःहून विचारले, "आज आकड्यांचा खेळ नाही का?" माझे काम तिला आवडते. माझे काम आवडणारी ती पहिलीच.

२१ सप्टेंबर, सोमवार

पहिला दिवस झाला. अकरा मुले.

शाळेने आम्हाला सामानाची खोली दिली. गुंडाळलेले नकाशे, पाय मोडलेल्या खुर्च्या, एक पोटातून उघडा पुतळा, त्याचे यकृत गायब. मी टेबल पुसले, दोन पेन्सिली समांतर ठेवल्या.

मुले आत येताना गोंधळ घालत येतात आणि माझे तोंड बघून गप्प होतात. एकाने डोळे घट्ट मिटून पाच आकडे उलटे सांगितले. एक मुलगी तिसऱ्या आकड्याशी थांबली, छताकडे बघितले, मग माझ्याकडे, आणि म्हणाली, "गेलं." तिला कितीतरी सांगावेसे वाटले. मी म्हणालो, "ठीक आहे. पुढचं बघू."

दिवसभरात ते वाक्य मी शंभराच्या वर वेळा म्हटले असेन. संध्याकाळी खालच्या लाँड्रीवाल्याने विचारले, "आज उशीर?" आणि माझ्या तोंडून निघाले, "ठीक आहे." पुढचे मी गिळले.

माझी खोली लाँड्रीच्या वर आहे. त्यांच्या इस्त्र्या दिवसभर चालतात, त्यामुळे मी परत येतो तेव्हा फरशी कोमट असते. कोणी नुकते उठून गेले असावे अशी.

२९ सप्टेंबर, मंगळवार

आज बाई गाडीत पुढे बसल्या होत्या. मी धीर करून विचारले की आकडे उलटे सांगण्याचा गणिताशी काय संबंध.

त्या म्हणाल्या, "दोन्ही हातांत पिशव्या घेऊन कधी कुलूप उघडलंय?"

म्हटले, रोज.

"काय करता?"

"एक पिशवी खाली ठेवतो."

"डोक्यातल्या डोक्यात गणित करताना मुलाला तेच करावं लागतं. एक आकडा धरून ठेवायचा आणि त्याच वेळी दुसरं काही करायचं. काही मुलांच्या हातात चार पिशव्या राहतात, काहींच्या दोनच. तिसरी घेतली की पहिली सुटते. मग आपण म्हणतो, पोरगं आळशी आहे."

पदवीधर मागून म्हणाला, "म्हणजे कार्यस्मृती कमी तर गणित कच्चं."

"असं सरसकट म्हणायचं नाही. संबंध दिसतो, पण एकावरून दुसरं ठरत नाही. कार्यस्मृती लहान असून गणितात हुशार असलेली मुलं मी पाहिलीत. त्यांना कुणीतरी पिशवी खाली ठेवायला जागा दिलेली असते."

या वाक्याचा अर्थ मला लागला नाही, म्हणून जसेच्या तसे उतरवले आहे.

ज्या मुलांची कार्यस्मृती लहान आणि गणितही कच्चे, त्यांच्यासाठी शाळांत सकाळचा छोटा वर्ग निघणार आहे. तिथे तोंडी गणित नाही. प्रत्येक पायरी कागदावर. आमच्या वेळी असे काही नव्हते. आमचे गणिताचे सर सगळ्यांना उभे करून तोंडी गणित घालायचे आणि उत्तर येईल तो बसायचा. मी शेवटपर्यंत उभा. सर फार भरभर बोलायचे. त्यांचा तिसरा आकडा येईपर्यंत पहिला गेलेला असायचा. बाकीची मुले त्या वेगाला कशी पुरी पडायची कोण जाणे.

४ ऑक्टोबर, रविवार

भिंगरीची गृहपाठाची वही बघितली. सेहेचाळीस अधिक अडतीस : चौऱ्याहत्तर. सगळ्या बेरजा अशाच, दहाने कमी. आठ आणि सहा चौदा, चार मांडते, हातचा एक म्हणते, मग चार आणि तीन सात करते. तेवढ्यात हातचा गेलेला असतो.

"हातचा कुठं आहे?" मी विचारले.

तिने हात उघडून दाखवला. भावोजी हसले. ती हसली नाही.

आकड्यांच्या खेळात मात्र तिची कमालीची प्रगती आहे. आज पाच आकडे उलटे, आणि तेही मी वाचून संपवायच्या आत. ताई पोळपाट पुसता पुसता म्हणाली, "बघ, डोकं आहे पोरीला." मला फार बरे वाटले. माझ्या सरावाचा दुसऱ्या कुणाला फायदा झाला असे प्रथमच घडते आहे.

१४ ऑक्टोबर, बुधवार

आज भिंगरीच्या शाळेची पाळी. मी आधीच बाईंना लेखी कळवले होते की तिथे माझी भाची आहे. तिची चाचणी पदवीधराने घेतली. नियम पाळला.

दुपारी डबा खाताना पदवीधर म्हणाला, "अरे, सत्तेचाळीस नंबरची पोरगी! सहाच्या सहा. शेवटची ओळ तर मी वाचून तोंड मिटलं नाही, तोवर दोन, नऊ, सहा, एक, आठ, तीन. मी एवढा पदवीधर, मला चार येत नाहीत."

सत्तेचाळीस म्हणजे भिंगरी. डब्यातले काय खाल्ले ते आठवत नाही.

गणितात तिला वीसपैकी सहा.

२६ ऑक्टोबर, सोमवार

शाळेत पालकांसाठी निकालाच्या चिठ्ठ्या गेल्या. माझा वार नव्हता, तरी संध्याकाळी ताईकडे गेलो. भिंगरीने चिठ्ठी मला दाखवायला वेगळी जपून ठेवली होती, कंपासपेटीत, चौघडी करून. कार्यस्मृती : अतिशय चांगली. वर्गशिक्षिकेने तिला पुढे बोलावले, आणि सगळ्या वर्गाने टाळ्या वाजवल्या.

"सगळ्यांनी?" मी विचारले.

"मागच्या बाकावर दोघांनी नाही. पण ते कोणासाठीच वाजवत नाहीत."

दुसऱ्या रकान्यात गणित : कच्चे. खाली शेरा : 'क्षमता उत्तम. एकाग्रता व घरी अधिक सराव आवश्यक.' वेलांट्या सगळ्या बरोबर होत्या. तो शेरा मीच टाइप करून घेतला होता, अशा प्रकारच्या सर्व मुलांसाठी एकच.

भावोजींनी तो दोनदा वाचला. मग शांतपणे म्हणाले, "म्हणजे डोकं ठणठणीत आहे. इतके दिवस मला वाटायचं, पोरीला जमत नाही. जमत नाही नव्हे, करायचं नाही."

शनिवारी दुपारी भावोजी भिंगरीला शेवटच्या फेरीला बसमधून नेतात. ती त्यांच्या मागच्या पहिल्या बाकावर बसते आणि थांब्यांची नावे ओरडते. ते आता बंद. शनिवारी घरी बसून पन्नास बेरजा.

भिंगरी माझ्याकडे बघत होती.

१ नोव्हेंबर, रविवार

पन्नासपैकी एकोणीस बरोबर. भावोजी म्हणाले, "मुद्दाम करते."

ताईने मला बाजूला घेऊन विचारले, "तुझ्या मशीनमध्ये काही चूक तर नाही ना?" म्हटले, मशीन नसते, यादी असते. आणि यादीत चूक नाही, मी दोनदा ताडली आहे.

तरी काहीतरी टोचते आहे. काय ते नक्की सांगता येत नाही.

८ नोव्हेंबर, रविवार

लिहिण्यासारखे काही नाही. भिंगरी जेवणाआधीच झोपली, असे ताई म्हणाली. पडद्याखालून तिचे पाय हलताना दिसत होते.

१५ नोव्हेंबर, रविवार

हे नीट क्रमाने लिहायला हवे.

ताई शिवणाला बसली होती. भिंगरीला म्हणाली, "वरच्या खणातून कात्री, निळा रीळ आणि टेप आण." ती गेली. कात्री घेऊन आली आणि उभी राहिली.

"बाकीचं?"

"काय बाकीचं?"

भावोजी पेपरामागून म्हणाले, "घ्या. अतिशय चांगली."

मला तिची बाजू घ्यायची होती. एवढेच मनात होते. म्हटले, आता बघाच. पण शेवटच्या पानावरचे आकडे वाचायचा कंटाळा आला होता, म्हणून शेजारच्या इस्त्रीवर चिकटवलेल्या पट्टीवरचे आकडे वाचले. तीनच. पाच, एक, आठ. अंगठा दाबून, सेकंदाला एक.

ती गोंधळली. "आठ," म्हणाली. मग ओठ हलवले. मग म्हणाली, "मामा, हे आपल्यातलं नाहीये."

"आपल्यातलं म्हणजे?"

"आपले सात-दोन-नऊ-चार आणि ते सगळे. हे नवीन कुठून आणलंस?"

भावोजी पेपरातच होते. ताईने सुईत दोरा घातला. दोघांनाही काही ऐकू गेले नाही, किंवा कळले नाही. मला कळले.

तिने काही धरून ठेवलेच नव्हते. तिला ते पाठ होते. दर बुधवारी, दर रविवारी, महिनाभर मीच ते पाठ करून घेतले, उत्तरांसकट.

१७ नोव्हेंबर, मंगळवार

विचार केला. बाजू लिहून काढल्या.

सांगितले तर : मला कायम करणार नाहीत. मी घेतलेल्या सगळ्या चाचण्यांवर शंका येईल. (कालपर्यंत २३८.) भावोजींना कळेल. आणि वर्गाने वाजवलेल्या टाळ्या खोट्या होत्या, हे भिंगरीला कळेल.

नाही सांगितले तर : कुणालाच काही कळणार नाही. फक्त सकाळच्या वर्गात तिची जागा नाही. तो वर्ग एक डिसेंबरला सुरू होतो.

दोन्ही बाजू वाचल्या. पहिली मोठी आहे. म्हणून काही ठरत नाही.

१८ नोव्हेंबर, बुधवार

ताईकडे गेलो नाही. बरे नाही असा निरोप दिला. खोलीत बसून पाव खाल्ला. लाँड्री आज बंद, फरशी गार.

२२ नोव्हेंबर, रविवार

गेलो. भिंगरीने कालच्या पन्नास बेरजा दाखवल्या. प्रत्येक बेरजेपुढे भावोजींची लाल फुली. ती म्हणाली, "मामा, मला हातचा सापडत नाही. बाबांना सांग ना, मी लपवत नाही म्हणून."

२३ नोव्हेंबर, सोमवार

सांगितले.

सकाळी बाई यायच्या आधीच त्यांच्या दाराशी उभा राहिलो. काय बोलायचे ते कागदावर लिहून नेले होते, तरी दुसऱ्या वाक्यावर अडखळलो, तेव्हा त्यांनी कागदच मागून घेतला आणि वाचला.

कागद खाली ठेवून त्यांनी विचारले, "यादी घरी का नेलीत?"

"नेली नाही. उतरवून घेतली."

"का?"

"लक्षात राहत नाही."

"दोन महिने रोज वाचताय. तरी?"

"रोज वाचतो म्हणून हल्ली राहते. तेव्हा राहत नव्हती."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. रागावल्या असत्या तर समजले असते. "एका वेळी किती राहतं तुमच्या लक्षात?" त्यांनी विचारले. मला प्रश्नाचा रोख कळला नाही. म्हटले, कागद असला की सगळे राहते. त्यांनी मान हलवली आणि कसलीशी नोंद केली. बहुधा माझ्याविरुद्ध असावी.

मग त्या म्हणाल्या : बाकीच्या मुलांनी यादी आधी ऐकलेली नव्हती, त्यामुळे माझ्या चाचण्या राहतील. फक्त सत्तेचाळीस नंबरचा कागद रद्द. तिची चाचणी पुन्हा होईल, दुसऱ्या यादीवर. ती यादी मोहोरबंद पाकिटात असते आणि मी ती पाहिलेली नाही. "तुम्ही स्वतः येऊन सांगितलंत हे मी लिहून ठेवते आहे. पण आता तुम्हाला शाळांत पाठवता येणार नाही. हे तुम्हालाही समजत असेल."

समजते.

पदवीधराला दुपारी कळले. म्हणाला, "माझ्या हाताखालून गेलेलं सगळ्यात भारी मूल होतं रे ते. तेही तू खाल्लंस." थोड्या वेळाने त्याने माझ्या टेबलावर चहा आणून ठेवला.

२५ नोव्हेंबर, बुधवार

ताई आणि भावोजींना सांगितले. भिंगरी दारात उभी होती, हे मला उशिरा दिसले.

भावोजी म्हणाले, "म्हणजे चार शनिवार मी उगाच..." आणि थांबले. उठून हात धुवायला गेले. नळ बराच वेळ चालू होता.

ताई म्हणाली, "जन्मात पहिल्यांदा पोरगी कशात तरी पुढे होती. तूच दिलंस आणि तूच काढून घेतलंस."

म्हटले, तिला वर्ग मिळावा म्हणून.

"ते कळतंय मला. मला कळतंय रे. तिला कोण सांगणार?"

मी आत गेलो. भिंगरी भिंतीकडे तोंड करून बसली होती. मी म्हणालो, चूक माझी आहे, तुझी नाही. तिने कंपासपेटी उघडली, चिठ्ठी काढली आणि मागे न बघता माझ्या दिशेने सरकवली. मग पेटी बंद केली. खटकन वाजली.

चिठ्ठी या वहीत ठेवली आहे. फाडायचा हक्क माझा नाही.

२७ नोव्हेंबर, शुक्रवार

पदवीधराने पुन्हा चाचणी घेतली. उलटे आकडे : दोन. तो म्हणाला, "दोनावर थांबली. मी 'ठीक आहे, पुढचं बघू' म्हटलं, तर म्हणते, हे वाक्य मामाचं आहे."

सकाळच्या वर्गाच्या यादीत तिचे नाव आले.

१ डिसेंबर, मंगळवार

बाइंडिंगच्या खोलीत परत. सुई, दोरा, खळ, दाबयंत्र. सगळे होते तिथेच आहे. दिवसभरात तीन माणसे आली, तिघांनीही "हे कधी मिळेल?" एवढेच विचारले.

६ डिसेंबर, रविवार

गेलो नाही. ताईने बोलावणे धाडले नाही. की मीच बोलावण्याची वाट बघत होतो आणि तीही माझी? याचा निकाल लागत नाही. गेल्या आठवड्यात मी दुकानदार सोडून कुणाशी किती वाक्ये बोललो ते मोजायला घेतले होते, पण मध्येच आकडा चुकला.

१० डिसेंबर, गुरुवार

सकाळच्या वर्गांतून मुलांचे कागद फायलीसाठी आले. त्यांवर नावे नसतात, क्रमांक असतात. मी वाचायचे नसते, फक्त लावायचे असतात. क्रमाने लावताना सत्तेचाळीस आला.

प्रत्येक बेरजेच्या डोक्यावर एक छोटी चौकट आखलेली होती आणि चौकटीत हातचा लिहिलेला. पट्टीने आखलेल्या चौकटी, सगळ्या सारख्या. बारापैकी नऊ बरोबर. एका ठिकाणी हातचा चौकटीत होता, तरी मिळवायचा राहिला होता.

कागदाला भोके पाडताना चौकटींना धक्का लागू दिला नाही.

१३ डिसेंबर, रविवार

ताईच्या जिन्यापर्यंत जाऊन परत आलो. परतताना भावोजींची बस भेटली. ते थांब्यावर नेहमीपेक्षा जास्त वेळ थांबले आणि खिडकीतून म्हणाले, "काय परीक्षक, आमच्या घरचा रस्ता पण कागदावर लिहून द्यायचा का?" दार बंद झाले. मागच्या पहिल्या बाकावर कुणी नव्हते. रविवार होता, मला आधी लक्षात आले नाही. शनिवारी असेल.

२० डिसेंबर, रविवार

गेलो.

ताईने दार उघडले आणि म्हणाली, "हात धू." एवढेच. पण माझे ताट आधीच मांडलेले होते.

जेवताना भिंगरी माझ्याशी बोलली नाही. भावोजींनी दोनतीन विनोद केले, त्यातल्या एकावर मीच हसलो. जेवण झाल्यावर मी निघायला उठलो, तर ती आतून खुर्ची ओढत आली. टेबलाच्या पलीकडे ठेवली. कागद ठेवला, दोन पेन्सिली समांतर ठेवल्या. समोर बसली.

"बस," म्हणाली.

मी बसलो. तिचा चेहरा अगदी कोरा होता. मी इतका कोरा ठेवला नसेल.

"मी आकडे म्हणणार. तू उलटे सांगायचे."

टेबलाखाली तिच्या पायाचा अंगठा हलत होता. सेकंदाला एक. "चार. नऊ. एक." आकडे तिनेच मनाने काढले होते, आपल्यातले नव्हते.

"एक, नऊ, चार," मी सांगितले.

"ठीक आहे. पुढचं बघू. सहा. तीन. आठ. पाच."

पाच मला दिसत होता. पाच, आठ. मग ताईने आत भांडे ठेवले आणि तीन होता की सात ते कळेना. सहाचा तर मागमूस नव्हता. छताकडे बघितले. मग तिच्याकडे.

"गेलं," मी म्हणालो.

भावोजींनी पेपर खाली केला होता. कोणीच हसले नाही.

"ठीक आहे," भिंगरी म्हणाली. "पुढचं बघू. दोन. सात. एक. नऊ."

नऊ म्हणालो, आणि पुढे सगळे पांढरे. नववीतल्या वर्गात उभा असल्यासारखा मी बसून होतो. सर भरभर बोलायचे असे मला आजवर वाटत होते. ही तर सेकंदाला एकच म्हणत होती.

नियमाने आता थांबायचे असते; दोनदा चुकले की संपले. ते तिला माहीत आहे. तिने दोन पेन्सिलींपैकी एक उचलली, पट्टी घेऊन कागदावर चार छोट्या चौकटी आखल्या आणि कागद माझ्याकडे सरकवला.

"लिहून घे मामा," ती म्हणाली. "आमच्या वर्गात चालतं."

मग पुन्हा पहिल्यापासून, माझी पेन्सिल टेकेपर्यंत थांबत थांबत, तिने चारही आकडे सांगितले.